घराखालची खाण

नेपल्सच्या जुन्या वस्तीत घर बांधायला घेतलं की कामाची सुरुवात अनेकदा विहिरीने व्हायची. जागेत एक उभा खड्डा खाली न्यायचा, चांगला दगड लागला की तिथून आडवं पसरायचं, ठोकळे कापायचे, दोराला बांधून वर ओढायचे आणि भिंतीत बसवायचे. घर वर चढत जायचं तशी खाली पोकळी वाढत जायची. घरभरणीच्या दिवसापर्यंत, भिंतींत जेवढा दगड गेला तेवढा अंधार त्याच घराच्या पोटात तयार झालेला असायचा. मग त्या पोकळीला आतून पाणी न झिरपणारा गिलावा करायचा आणि शहराखालच्या नहरीला ती जोडायची. खाणीचा हौद व्हायचा. दगड ज्या वाटेने वर आला त्याच वाटेने पोहरा खाली सोडून पाणी वर ओढलं जायचं.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर असं स्वतःच्याच पोटातून वर आलं आहे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ग्रीकांनी ते वसवलं आणि तटबंदीसाठी दगड काढायला तेव्हाच सुरुवात झाली. आज तिथे नोंद झालेल्या पोकळ्याच शेकडो आहेत. काही खोलीएवढ्या, काही देवळाच्या सभामंडपाएवढ्या उंच, आणि बऱ्याचशा गल्लीबोळांच्या खाली तीस-चाळीस मीटरवर. नेपल्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हेसुव्हिअस येतो. पण हे शहर खरोखर कळायचं असेल तर वर धूर शोधण्याऐवजी खाली उतरावं, असं मला वाटतं. ज्वालामुखीने माणसाला काय दिलं आणि तो अजून काय परत मागतो, हे तिथे भिंतीला हात लावून समजतं.

भिंत पिवळसर असते, मधाच्या रंगाची. तिला टफ म्हणतात. हा दगड म्हणजे एके काळची राख. नेपल्सच्या पूर्वेला व्हेसुव्हिअस आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पश्चिमेला त्याहून मोठा ज्वालामुखी आहे, त्याचं नाव कांपी फ्लेग्रेई, म्हणजे ‘जळती मैदानं’. त्याला शिखर नाही. बारा-पंधरा किलोमीटर रुंदीची एक खचलेली परात आहे, तिचा काही भाग समुद्राखाली आणि उरलेल्या भागात गावं, शेतं, तळी, रेल्वे आणि लाखो माणसं. सुमारे 40,000 वर्षांपूर्वी इथे इतका प्रचंड उद्रेक झाला की त्याची राख आजच्या रशियापर्यंत सापडते. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी दुसरा मोठा उद्रेक झाला, आणि नेपल्सचा पिवळा टफ ही त्याची देणगी. राखेतले काचेचे बारीक कण पाण्याशी संयोग पावून त्यांचे झिओलाइट नावाचे खनिज झाले आणि त्या खनिजाने सगळा थर सांधून टाकला. झिओलाइट हे नाव महाराष्ट्रात अनोळखी नाही. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातल्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये जे देखणे स्फटिक सापडतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसतात, ते याच घराण्यातले. तिकडे ते डोळ्यांना दिसत नाहीत, इकडे ते मुठीएवढे होतात, एवढाच फरक.

कोकणातल्या माणसाला टफचा स्वभाव समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. चिरेखाणीतून निघालेला ताजा जांभा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो, आणि वारा-ऊन खाल्लं की टणक होत जातो. टफचंही तसंच. कारणं वेगळी आहेत: जांभ्यातली लोहाची संयुगं घट्ट होतात, तर टफमधली खाणीची ओल निघून जाते. पण गवंड्याच्या दृष्टीने दोन्हीचा गुण एकच. कापताना साथ देतो, बांधल्यावर टिकतो. शिवाय टफ सच्छिद्र आणि हलका, त्यामुळे तो वर ओढायलाही सोपा. आणि खाली मोठा दालनासारखा खोदला तरी छत सहसा उभं राहतं. खाणकामगार विहिरीच्या तोंडापासून खाली जाताना दालन रुंद करत न्यायचे, म्हणजे आकार बाटलीसारखा किंवा उतरत्या छपरासारखा व्हायचा आणि वरचं वजन बाजूंच्या भिंतींवर जायचं. कागदावर गणित न मांडता हाताने कळलेलं हे स्थापत्य आहे.

हौद एकमेकांना जोडणाऱ्या वाटा इतक्या अरुंद होत्या की माणसाला आडवं होऊन सरकावं लागे. ग्रीकांच्या काळात सुरू झालेलं हे जाळं रोमनांनी वाढवलं, सतराव्या शतकात कार्मिन्यानो नावाच्या सरदाराने त्याला नवी नहर जोडली. त्यात उतरून गाळ काढणारे, पातळी सांभाळणारे लोक असत. विहिरीला पोझो म्हणतात म्हणून ते पोझारो. विहिरीच्या भिंतीत दोन्ही बाजूंना पाय टेकायला खाचा कोरलेल्या असत. अंगाचा भार दोन भिंतींवर तोलत, एका हातात तेलाचा दिवा सांभाळत हा माणूस वर-खाली करायचा. सबंध शहरात कुणाच्या घराखाली काय आहे हे फक्त त्याला माहीत. नेपल्सच्या घराघरांत एक गोष्ट सांगतात, मुनाचेल्लोची, म्हणजे छोट्या भिक्षूची. तो रात्री घरात येतो, कधी वस्तू नाहीशी करतो, कधी नाणी ठेवून जातो. त्याचा उगम पोझारोमध्येच शोधला जातो: ठेंगणा, अंगावर डोक्यावरून घेतलेला झगा, आणि विहिरीतून थेट स्वयंपाकघरात शिरण्याची वाट असलेला. मला ही फोड पटते, कारण भुताच्या गोष्टीत सहसा न येणारा एक तपशील इथे आहे. हे भूत नेमकं विहिरीतून येतं.

त्याच वाटेने दोनदा सैन्यही आलं. इसवी सन 536मध्ये बायझंटाइन सेनापती बेलिसारियसने नेपल्सला वेढा घातला आणि शहराचं पाणी तोडलं. आत विहिरी होत्या, त्यामुळे शहराचं फारसं अडलं नाही. उलट कोरड्या पडलेल्या नहरीत त्याचा एक शिपाई निव्वळ कुतूहलाने शिरला. तटाखाली वाट अरुंद होती, माणूस जाईल पण चिलखत जाणार नाही एवढी. हातोड्याचा आवाज होऊ नये म्हणून दगड घासून घासून ती रुंद केली गेली. मग एका रात्री सुमारे चारशे माणसं आत सरकली. नहरीच्या आतल्या टोकाशी वर एक पडकं घर होतं, त्यात एक गरीब बाई एकटी राहायची. पहिला शिपाई चढून वर गेला आणि मागच्यांसाठी त्याने ऑलिव्हच्या झाडाला दोर बांधला. बेलिसारियसबरोबर असलेल्या प्रोकोपियसने हे सगळं लिहून ठेवलं आहे. पुढे नऊशे वर्षांनी, 1442मध्ये, आरागॉनच्या अल्फोन्सोची माणसं अशाच पाणवाटेने आत शिरली आणि नेपल्स पुन्हा पडलं.

या जाळ्याचा शेवट शत्रूमुळे मात्र झाला नाही. टफ सच्छिद्र आहे हे वर आलंच. हौदाशेजारीच मैलाखड्डे असत, आणि दगडातून जे झिरपायचं ते झिरपायचं. 1884मध्ये पटकीची साथ आली आणि हजारो माणसं गेली. पुढच्याच वर्षी सेरिनोच्या झऱ्यांचं पाणी बंद नळांतून शहरात आणलं गेलं आणि विहिरींची तोंडं हळूहळू बुजत गेली. पोझारोचा धंदा संपला. मोलकरणी ज्या कठड्याशी उभ्या राहून पाणी शेंदायच्या, तिथे फरश्या बसल्या. दोन-तीन पिढ्यांत आपल्या पायाखाली काय आहे हेच लोक विसरले.

आठवण करून दिली ती बॉम्बवर्षावाने. दुसऱ्या महायुद्धात नेपल्स हे बंदर म्हणून महत्त्वाचं, त्यामुळे इटलीतल्या सर्वाधिक बॉम्ब पडलेल्या शहरांपैकी एक. एकूण हल्ले दोनशेच्या घरात. जुने हौद साफ करून, पायऱ्या खोदून, वीज नेऊन तिथे आसरे केले गेले. भोंगा वाजला की माणसं पोरंबाळं घेऊन खाली पळायची आणि कधी कधी दिवसचे दिवस वर यायची नाहीत. त्या भिंतींवर आजही तारखा आहेत, नावं आहेत, लहान मुलांनी कोरलेली विमानं आणि पडणारे बॉम्ब आहेत. लोखंडी खाटा सापडल्या, खेळणी सापडली. पाण्याची जुनी पातळी दाखवणारी रेघ माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर दिसते आणि तिच्या खाली ही चित्रं. युद्ध संपल्यावर पडलेल्या घरांचा राडारोडा टाकायला जागा हवी होती. तो त्याच विहिरींतून खाली लोटला गेला. ज्या पोकळीतून घर आलं होतं, तिच्यातच ते कोसळून परत गेलं.

राजवाड्यापासून लष्कराच्या बराकींपर्यंत जाणारा बुर्बों भुयारी मार्ग हाही याच कथेतला. 1848च्या उठावांनी धास्तावलेल्या राजा दुसऱ्या फेर्दिनांदोने 1853मध्ये त्याचं काम एर्रिको आल्विनो या वास्तुतज्ज्ञाकडे दिलं. खोदताना वाटेत चालू हौद लागले. ते फोडले असते तर वरच्या वस्तीचं पाणी गेलं असतं, म्हणून आल्विनोने हौदांवरून पूल बांधले, कमानी टाकल्या. मार्ग पुरा झालाच नाही. पुढे तिथे युद्धातला आसरा झाला, नंतर पोलिसांनी जप्त केलेल्या मोटारी आणि स्कूटर ठेवण्याची जागा. त्या गाड्या अजून तिथे धूळ खात उभ्या आहेत.

दगड काढून झालेल्या खाणींना शहराने आणखी एक काम दिलं होतं, ते मेलेल्यांना जागा देण्याचं. सानिता भागातल्या फोंतानेल्ले खाणीत 1656च्या प्लेगमधले असंख्य मृतदेह आले. त्या एका वर्षात शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती गेली होती. 1837च्या पटकीतले आणखी आले. 1872मध्ये गाएतानो बार्बाती या धर्मगुरूने वस्तीतल्या बायकांना हाताशी धरून हाडं नीट रचून घेतली. आणि मग असं काही सुरू झालं जे कुणी ठरवलेलं नव्हतं. लोक एकेक कवटी दत्तक घेऊ लागले. तिला पुसायचं, लाकडाची किंवा काचेची पेटी करायची, फुलं ठेवायची, तिच्यासाठी प्रार्थना करायची. हे आत्मे निनावी, त्यांच्या मागे कुणी नाही, म्हणून ते शुद्धीकरणाच्या यातनेत अडकलेले. आपण त्यांचा भार हलका करायचा आणि त्यांनी स्वप्नात येऊन आपल्याला मदत करायची. महायुद्धात ज्यांच्या घरचा मुलगा परत आला नाही, प्रेतही मिळालं नाही, त्या बायांनी इथे एखाद्या कवटीशी नातं जोडलं. एक कवटी कायम ओलसर चमकते. तिला दोन्या कोंचेत्ता म्हणतात आणि तिला घाम येतो असं मानतात. 1969मध्ये कार्डिनलांनी ही उपासना थांबवली. धर्मशास्त्राच्या बाजूने त्यांचं बरोबर असेल. पण सर्वपित्रीला ज्यांचं कुणी नाही त्यांच्याही नावाने पाणी सोडणाऱ्या आपल्याला त्या बायांचं मन कळायला हरकत नसावी.

नेपल्सच्या पश्चिम टोकाला एका भागाचं नाव फुओरीग्रोत्ता आहे. फुटबॉलच्या चाहत्यांना तो माराडोनाच्या नावाच्या स्टेडियममुळे माहीत असेल. शब्दाचा अर्थ ‘गुहेबाहेर’. ही गुहा म्हणजे डोंगरातून आरपार काढलेला सुमारे सातशे मीटरचा रोमन बोगदा, नेपल्स आणि पश्चिमेचं पोझुओली गाव यांना जोडणारा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात कोक्कीयस नावाच्या स्थापत्यकाराने तो काढला; भूगोलकार स्ट्रॅबोने त्याचं नाव नोंदवलं आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्यातून गेला तेव्हा तिथल्या अंधाराची आणि धुळीची त्याने पत्रात तक्रार केली. मध्ययुगातल्या लोकांचा माणसाच्या हातावर विश्वास बसेना. बोगद्याच्या तोंडाशी कवी व्हर्जिलची समाधी दाखवतात, तेव्हा त्यानेच एका रात्रीत मंत्राने डोंगर फोडला असं ते सांगू लागले. आपल्याकडे एका रात्रीत पांडवांनी कोरलेली लेणी जागोजागी आहेतच.

याच कोक्कीयसने अव्हेर्नो तळ्यापासून कुमापर्यंत सुमारे एक किलोमीटरचा आणखी एक बोगदा रोमन सेनापती अग्रिप्पाच्या आरमारासाठी काढला. दुसऱ्या महायुद्धात त्यात दारूगोळा साठवला होता. स्फोटाने तो उद्ध्वस्त झाला. आणि कुमा म्हणजे तर सिबिलचं गाव. व्हर्जिलच्या महाकाव्यात भविष्य सांगणारी ही स्त्री शंभर तोंडांच्या गुहेत बसते. 1932मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना तिथे 131 मीटर लांबीची, वर निमुळती होत जाणारी खोदीव वाट सापडली. एका बाजूला ओळीने झरोके आहेत, त्यातून उजेडाचे पट्टे पडतात आणि समोरून येणारा माणूस दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. हीच ती गुहा, असं मायुरींनी जाहीर केलं. पुढच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना ती लष्करी बचावाची वाट वाटते. मला त्यांचा युक्तिवाद अधिक सबळ वाटतो. तरीही त्या पट्ट्यांतून चालणाऱ्याला मायुरींची भूल का पडली हे कळतं.

पोझुओली हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक बांधकामावर हजर आहे. सिमेंटच्या पोत्यावर पीपीसी अशी अक्षरं असतात; त्यांचा विस्तार पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. पोझोलाना म्हणजे पोझुओलीची माती. आणि पोझुओलीचं रोमन नाव पुतेओली. ‘छोट्या विहिरी’ अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. तिथली राख चुन्यात कालवली की मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं हे रोमनांना कळलं होतं. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ते लिहून ठेवलं. राखेतल्या काचेसारख्या सिलिका आणि ॲल्युमिनाची चुन्याशी क्रिया होते आणि त्यातून बांधून धरणारी संयुगं तयार होतात. समुद्राचं पाणी आत मुरत राहिलं की शतकांच्या ओघात त्यात आणखी स्फटिक वाढतात. रोमन धक्के दोन हजार वर्षं लाटा खाऊन उभे आहेत ते त्यामुळे. आपल्या पोत्यात ज्वालामुखीची राख नसते, औष्णिक वीजकेंद्रांतली असते. गुण तोच, म्हणून नाव तेच.

या राखेने काय साधलं ते बाकोलीच्या पिशिना मिराबिलिसमध्ये उतरल्यावर दिसतं. मिसेनोच्या तळावरच्या रोमन आरमारासाठी टफमध्ये खोदलेली ही पाण्याची टाकी: लांबी सुमारे 70 मीटर, रुंदी 25, उंची 15, आणि छत तोलणारे 48 खांब. बारा हजार घनमीटरच्या आसपास पाणी मावायचं. ते सुमारे शंभर किलोमीटरवरून, त्याच सेरिनोच्या डोंगराळ भागातून यायचं. आत आता पाणी नाही. छतातल्या छिद्रांतून ऊन उतरतं, खांबांवर शेवाळ आहे, आणि पावलाचा आवाज बराच वेळ फिरत राहतो. किनाऱ्यावरच्या सगळ्या भुयारांत मला कुठलं एक निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन.

जवळच आन्यानो या पूर्वीच्या तळ्याच्या कडेला एक बुटकी गुहा आहे, कुत्र्याची गुहा म्हणून ओळखली जाणारी. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तळाशी थर धरून राहतो. उभ्या माणसाला काही होत नाही, कुत्रा मात्र त्या थरात बुडतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात प्रवाशांना दाखवण्यासाठी वाटाडे कुत्र्याला आत धरायचे, तो बेशुद्ध पडला की बाहेर काढून तळ्याच्या पाण्यात टाकायचे. काही कुत्री शुद्धीवर येत, काही येत नसत. युरोपभरच्या शिकल्यासवरल्या लोकांनी पैसे देऊन हे पाहिलं, याचं मला वाईट वाटतं. तळं 1870मध्ये उपसलं गेलं. गुहेतला वायू अजून येतोच आहे.

तो येतो कारण परातीखालचं काम थांबलेलं नाही. पोझुओलीच्या बाजारपेठेचे रोमन अवशेष अठराव्या शतकात उकरले गेले. त्यात संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर, जमिनीपासून बऱ्याच वर, भोकांचा एक जाड पट्टा आहे. ती भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलेली आहेत. म्हणजे हे खांब कोरड्या जमिनीवर उभारले गेले, मग न पडता तेवढ्या खोल समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. चार्ल्स लायेलने 1830मध्ये आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचं चित्र छापलं. पृथ्वी सावकाश हलते, हे सांगायला त्याला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

या संथ हालचालीला तिथे ब्रॅडिसिझम म्हणतात. खोलवरच्या तप्त द्रवाचा आणि वायूचा दाब वाढला की जमीन फुगते, ओसरला की बसते. 1538मध्ये फुगवटा सहन झाला नाही आणि आठवडाभरात शेतात नवी टेकडी उभी राहिली. तिचं नावच मोंते नुओव्हो, नवा डोंगर. 1970च्या मार्चमध्ये जमीन वर येऊ लागली तेव्हा रिओने तेर्रा हा पोझुओलीचा जुना किल्लेवजा मोहल्ला लष्कराने रिकामा केला. माणसं पुन्हा तिथे राहायला आली नाहीत. रिकाम्या घरांखाली खोदकाम झालं तेव्हा आख्खं रोमन पुतेओली सापडलं: रस्ते, दुकानं, जात्यांसह भटारखाना. 1982 ते 84 या काळात जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली. 2005पासून ती पुन्हा चढते आहे. 20 मे 2024च्या रात्री 4.4 तीव्रतेचा धक्का बसला आणि लोक गाद्या घेऊन रस्त्यावर झोपले.

पोझुओलीच्या छोट्या गोदीत हे मोजायला यंत्र लागत नाही. नावा बांधायच्या लोखंडी कड्या पाण्यापासून दूर, भिंतीवर उंच राहिल्या आहेत. ओहोटीला गोदीचा तळ उघडा पडतो, मासेमारीच्या होड्या एका कुशीवर कलंडून चिखलात बसतात, आणि भरती येईपर्यंत मालक धक्क्यावर थांबून राहतात.